दहा बाय दहाचा खलिफा

"जागा लहान पडते" ही तक्रार आम्ही बाजारात गेली पस्तीस वर्षे ऐकत आहोत आणि खोटे कशाला बोला, स्वतःही करीत आलो आहोत. दुकान दहा फूट रुंद असले की शेजारचा गाळा हवासा वाटतो, शेजारचा गाळा मिळाला की वरचा माळा हवासा वाटतो. माल ठेवायला जागा नाही, गिऱ्हाईक बसवायला जागा नाही, म्हणून धंदा वाढत नाही, असा आपला ठरलेला हिशेब. हा हिशेब चुकीचा ठरवणारे एक दुकान आमच्या वाचनात आले. ते कापडाचे नाही, खाण्याचे आहे. आणि आपल्या मुलखातलेही नाही, दूर मेक्सिको देशाच्या राजधानीत, मेक्सिको सिटीत आहे. आम्ही तिथे गेलेलो नाही. वर्तमानपत्रांतून वाचले, चित्रफिती पाहिल्या, भाच्याकडून काही मजकूर समजून घेतला. पण व्यापाऱ्याने आणि कारागिराने बसून अभ्यास करावा असे त्या दुकानात पुष्कळ आहे, म्हणून हा लेख.

दुकानाचे नाव 'एल कालिफा दे लेओन'. सान राफाएल नावाच्या जुन्या वस्तीत, रिबेरा दे सान कोस्मे या वर्दळीच्या रस्त्यावर ते १९६८ सालापासून आहे. त्याच वर्षी त्या शहरात ऑलिंपिक सामने भरले होते. दुकान दहा फूट लांब, दहा फूट रुंद. त्यातली निम्मी जागा एका जाड पोलादी तव्याने खाल्लेली. खुर्ची नाही, बाक नाही. गिऱ्हाईक काउंटरपाशी उभे राहून खाते, नाहीतर बाहेर फुटपाथवर. तो फुटपाथही मोकळा नाही. त्यावर मोजे, बॅटरीचे सेल, मोबाइलचे सामान आणि स्वस्त कपडे विकणाऱ्यांच्या मांडण्या. अशा या दुकानाला १४ मे २०२४ रोजी मिशेलिनचा तारा मिळाला. टाको विकणाऱ्या दुकानाला हा मान मिळण्याची जगातली ती पहिलीच वेळ.

मिशेलिन म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ही फ्रान्समधली मोटारीचे टायर बनवणारी कंपनी. १९०० साली आंद्रे आणि एदुआर मिशेलिन या भावांनी मोटारवाल्यांसाठी एक छोटी पुस्तिका काढली आणि फुकट वाटली. गाडी कुठे दुरुस्त होईल, मुक्काम कुठे करावा, जेवण कुठे मिळेल, अशी माहिती त्यात होती. लोक जितके फिरतील तितके टायर झिजतील, आणि जितके झिजतील तितके विकले जातील! व्यापारी डोके म्हणतात ते असे. १९२० पासून पुस्तिकेला किंमत लागली, १९२६ पासून चांगल्या खाणावळींना तारे देणे सुरू झाले. त्यांचे निरीक्षक नाव न सांगता येतात, आपले बिल आपण भरतात आणि निघून जातात. मेक्सिकोसाठी त्यांची पहिली यादी २०२४ साली निघाली. त्यात एकूण १८ ठिकाणांना तारे मिळाले. पांढऱ्या चादरी आणि काचेचे पेले असणाऱ्या हॉटेलांच्या त्या पंक्तीत हे उभ्याने खाण्याचे दुकान जाऊन बसले.

आता वाचक विचारतील, 'कालिफा' म्हणजे आपला खलिफाच काय? होय, तोच. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. मराठी आम्ही गल्ल्यावर बसून, गिऱ्हाइकांच्या तोंडून शिकलो. म्हणून असा शब्द दिसला की डोळा अडकतो. स्पेनच्या कोर्दोबा शहरात इसवी सन ९२९ ते १०३१ या काळात खिलाफत होती. पुढे अरबांचे राज्य गेले, शब्द राहिले. कोर्दोबाच्या नामवंत बैलझुंजारांना लोक कौतुकाने 'खलिफा' म्हणू लागले. मेक्सिकोत रोदोल्फो गाओना हा मोठा बैलझुंजार होऊन गेला. तो लेओन शहरचा, म्हणून तो झाला 'लेओनचा खलिफा'. दुकानाला त्याचेच बिरुद दिले आहे. आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? दर्जी, हज्जाम, अखाड्यातला उस्ताद, सगळ्यांना जुनी माणसे 'खलिफा' म्हणूनच हाक मारीत. हुनर हातात असलेल्या माणसाला दिलेला तो मान. स्पॅनिश भाषेत असे शेकडो शब्द अरबीतून आले. कापसाला ते 'अल्गोदोन' म्हणतात, म्हणजे अल-कुत्न. गोदामाला 'अल्मासेन', म्हणजे अल-मखजन. जकातीच्या नाक्याला 'अदुआना', म्हणजे दिवान. कापडवाल्याचा निम्मा धंदा या तीन शब्दांत आला.

शब्दांच्या वाटेने अरब आले ते जुने. माणसांच्या वाटेने आले ते अलीकडचे, आणि त्यांची हकीगत कापडाशीच बांधलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून लेबनान व आसपासच्या मुलखातले लोक मेक्सिकोच्या बंदरात उतरू लागले. तेव्हा तो मुलूख तुर्की सुलतानाच्या अमलाखाली होता, म्हणून तिथले लोक त्यांना सरसकट 'तुर्क' म्हणत. त्यांतले बहुतेक ख्रिस्ती होते, काही मुसलमान व यहुदी. भांडवल नाही, भाषा येत नाही. मग त्यांनी काय केले? खांद्यावर पेटी घेतली. तिच्यात कापडाचे तुकडे, दोरा, बटणे, फिती. दारोदार हिंडून बायाबापड्यांना हप्त्याने माल दिला. दर आठवड्याला हप्ता वसूल करायला पुन्हा त्याच दारात. त्यांना तिथे 'अबोनेरो' म्हणत, म्हणजे हप्तेवाले. आमच्या वडिलांनी डोक्यावर गठ्ठा घेऊन आठवडी बाजार केले, वहीवर उधारी लिहिली. त्यांनी हे वाचले असते तर "हे आपलेच भाऊबंद" म्हणाले असते. त्या फेरीवाल्यांची पुढे पक्की दुकाने झाली. जगातल्या बड्या धनिकांत गणले जाणारे कार्लोस स्लिम यांचे वडील १९०२ साली असेच लेबनानातून आले आणि १९११ साली त्यांनी राजधानीत 'पूर्वेचा तारा' अशा अर्थाच्या नावाने सटरफटर मालाचे दुकान काढले.

याच लोकांनी पुएब्ला शहरात उभ्या सळईवर भाजलेल्या गोश्ताचा शावर्मा आणला. १९३० च्या दशकात तो 'अरबी टाको' म्हणून रुळला. राजधानीत येईपर्यंत त्यात तिथली लाल मिरची आली, वर अननस आला, आणि नाव पडले 'अल पास्तोर', म्हणजे धनगरी. नाव धनगराचे, पण बकऱ्याचे गोश्त जाऊन त्या जागी डुकराचे आले. म्हणजे आपल्याला तो निषिद्धच. आमच्या या दहा बाय दहाच्या दुकानात अल पास्तोर मिळत नाही, पण तिथले बड्याचे गोश्तही जबिहाचे नव्हे. तेव्हा हे दुकान आपल्या खाण्याच्या कामाचे नाही, हे आधीच सांगून ठेवतो. शिकण्याच्या कामाचे आहे.

आता टाको. मक्याची तळहाताएवढी मऊ भाकरी, तिच्यावर भाजलेले गोश्त, दुमडायचे आणि हाताने खायचे. बस्स, एवढाच टाको. भाकरी मात्र आपल्या मक्याच्या भाकरीसारखी नुसत्या पिठाची नसते. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी चोळून साली काढतात, धुतात आणि मग ओलाच दळतात. या युक्तीने पिठाला चिकटपणा येतो, भाकरी दुमडली तरी तुटत नाही. दुसरा फायदा असा की मक्यात अडकून पडलेले एक जीवनसत्त्व या चुन्यामुळे मोकळे होते. युरोपने मेक्सिकोचा मका नेला पण चुन्याची युक्ती नेली नाही. इटलीच्या गरीब शेतकऱ्यांत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात, निव्वळ मक्यावर जगणारे लोक पेलाग्रा नावाच्या रोगाने खंगले. माल नेला आणि कसब मागेच ठेवले की असे होते. (आपली मिरचीही मूळची त्याच मुलखाची. पोर्तुगीज लोकांनी ती गोव्याच्या किनाऱ्याला आणली. आपले नशीब की तिला चुना लागत नाही.)

दुकानात जिन्नस फक्त चार. चारही टाकोच. साधे पातळ कापलेले गोश्त, बरगडीचे, चापेचे, आणि चौथा 'गाओनेरा', म्हणजे त्याच बैलझुंजाराच्या नावाचा. गाओनेरासाठी पाठीच्या आतला मऊ भाग वापरतात, ज्याला आपले कसाई अंडरकट म्हणतात. तो कागदासारखा पातळ कापायचा. तवा ३६० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला. गोश्त तव्यावर टाकले, चिमूटभर मीठ, वरून अर्धे लिंबू पिळले, मिनिटभरात उलटले. शेजारी दुसरे माणूस त्याच वेळी भाकरी टाकत असते. भाकरी फुगली की तिच्यावर गोश्त, आणि टाको गिऱ्हाइकाच्या हातात. मसाला नाही, कांदा-कोथिंबिरीची सजावट नाही. हिरवी आणि लाल अशा दोन चटण्या ठेवलेल्या असतात, हव्या त्याने घ्याव्या. मिशेलिनवाल्यांनी तर असे लिहिले की गोश्त आणि भाकरी इतकी चोख आहे की चटणीची गरजच फारशी पडत नाही.

आम्ही कापडवाले या ठिकाणी थांबून विचार करू लागलो. चार जिन्नस! आमच्या दुकानात किती आहेत हे आम्हालाही मोजून सांगता येणार नाही. २००५ साली दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आल्या होत्या. बाजारात प्रत्येक जण म्हणत होता की असा मोसम पुन्हा येणार नाही. आम्ही सुरतेहून, अहमदाबादेहून, जे जे दाखवले ते ते उचलले. जरीचे, जॉर्जेटचे, भरतकामाचे, छापील, कुणी मागितले नव्हते तेही. मोसम झाला, गल्ला भरला, आणि तिसरा हिस्सा माल फळीवर राहिला. पुढची तीन वर्षे तो माल आमच्याकडे बघत होता आणि आम्ही त्याच्याकडे. कापड सडत नाही हे आमचे दुर्दैव. सडले असते तर त्याच वर्षी धडा मिळाला असता. गोश्तवाल्याला हा धडा रोज संध्याकाळी मिळतो. चार जिन्नस, तेही एकाच जनावराचे जवळजवळचे भाग. सकाळी आणले, रात्रीपर्यंत उठले. पडून राहिलेला माल म्हणून काही नाही. भांडवल अडकलेले नाही. गोदाम लागत नाही, म्हणूनच दहा बाय दहा पुरते.

हे झाले खरेदीचे. विक्रीचा भाव ऐकाल तर चमकाल. २०२४ साली गाओनेराचा एक टाको पाच डॉलरच्या आसपास होता, म्हणजे आपले चारशे रुपये. रस्त्यावर उभ्याने खाण्याच्या एका टाकोला! त्याच शहरात हातगाडीवर यापेक्षा कितीतरी स्वस्तात टाको मिळतो. म्हणजे हे दुकान स्वस्ताईवर चाललेले नाही. आपल्याकडे छोट्या दुकानदाराचा समज असा की दुकान लहान तर भाव लहान ठेवलाच पाहिजे. मग भाव पाडायचा आणि मालात मारायचे. पन्ना दोन इंच कमी, सूत हलके. इथे उलट आहे. दिवाणखाना नाही, वेटर नाही, रोषणाई नाही, चिनी मातीच्या बशा नाहीत. तो सगळा पैसा गोश्ताच्या तुकड्यात घातला आहे. गिऱ्हाईक भाव देते ते तेवढ्याचसाठी. गोश्त कुठून घेतात हे मालक मारिओ एर्नांदेस अलोन्सो यांनी वार्ताहरांनाही सांगितले नाही. बरोबरच केले. आम्हीही इचलकरंजीत नेमक्या कुठल्या मागावरून मलमल घेतो ते या लेखात लिहिणार नाही.

गिऱ्हाइकाबाबतही एक गोष्ट टिपण्यासारखी. या दुकानापासून थोड्याच अंतरावर पी.आर.आय. या पक्षाचे मुख्य कार्यालय आहे. १९२९ पासून २००० पर्यंत देशाचे अध्यक्षपद सलग याच पक्षाकडे होते. त्या दिवसांत सूटबूट घातलेले पुढारी इथे टाको खायला येत. २००० साली पक्ष हरला आणि सुटातले गिऱ्हाईक विरळ झाले. दुकान बंद पडले का? नाही. कारण वस्तीतले लोक, दुकानांतले नोकर, येणारे-जाणारे आधीपासून त्याच काउंटरवर पुढाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे असत. सर्वांना तोच टाको, तोच भाव, तीच चटणी. एका बड्या गिऱ्हाइकावर पेढी उभी करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आमच्या ओळखीचे दोन जण शाळांच्या गणवेशांच्या ठेक्यावर मोठे झाले आणि ठेका गेला त्या वर्षी बसले.

आता जे मुख्य सांगायचे आहे त्याकडे येतो. तारा जाहीर झाला तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत फोटो छापून आला तो मालकाचा नव्हे, तव्यावर उभ्या असलेल्या कारागिराचा. अर्तुरो रिवेरा मार्तिनेस. तेव्हा वीस वर्षांहून अधिक काळ हा माणूस त्याच तव्यापाशी होता. दिवसाला हजारो वेळा तीच कृती: तुकडा उचलणे, टाकणे, मीठ, लिंबू, उलटणे. मिशेलिनची माणसे दुसऱ्या दिवशी त्याला बड्या आचाऱ्यांचा लांब बाह्यांचा पांढराशुभ्र जाड कोट द्यायला आली. त्याने तो अंगात घातला नाही. त्या तव्यासमोर असा कोट घालून कोण उभे राहील? रहस्य विचारले तेव्हा त्याने सांगितले ते इतकेच की आमचा टाको साधा आहे आणि गोश्त चांगले आहे.

हे वाचून आम्हाला झोप लागली नाही, असे लिहिले तर वाचकांना अतिशयोक्ती वाटेल. पण त्यामागे कारण आहे. आमच्या पेढीत कापडाबरोबर शिलाईचे कामही होते. आमच्याकडे एक कटिंग मास्टर होते. वयाने आमच्याहून आठ वर्षांनी वडील, म्हणून आम्ही त्यांना भाईजान म्हणत असू. बाकी बाजार त्यांना खलिफाच म्हणे. बावीस वर्षे त्यांनी आमच्या फळीवर खडू चालवला. माणूस दारातून आत आला की त्याच्या खांद्याचा उतार बघून ते मनातल्या मनात माप घेत. त्यांनी शिवलेली शेरवानी दोन लग्नांना पुरत असे, पहिल्या भावाच्या आणि धाकट्याच्या. २००९ च्या रमजानआधी ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "सेठ, पगार वाढवू नका, पण शिलाईच्या नफ्यात रुपयामागे दोन आणे माझे धरा." आम्ही म्हणालो, "भाईजान, पगार दोन हजारांनी वाढवतो, हिस्सा नको." आमचा हिशेब असा होता की दुकान आमचे, मशीन आमच्या, जागा आमची, नाव आमचे, मग हिस्सा कशाचा? ते काही बोलले नाहीत. ईदची सगळी कामे पुरी करून दिली, एकही कपडा अडकवला नाही, आणि ईदनंतर सलाम करून गेले. समोरच्या गल्लीत त्यांनी एक खोली घेतली. आमच्या दुकानापेक्षा निम्मी.

त्यानंतर आमच्या लक्षात आले की दुकान कुणाचे होते. कापड आमच्याकडून घेऊन गिऱ्हाईक शिवायला त्यांच्याकडे जाऊ लागले. पुढे कापडही तिकडूनच घेऊ लागले. आम्ही दोन मास्टर बदलले, तिसरा आणला, मशीन नव्या घेतल्या. बाही कुठेतरी ओढतेच, असे गिऱ्हाईक म्हणे. पाच वर्षांनी शिलाई विभाग बंद केला. दोन आणे वाचवायला गेलो आणि सोळा आणे घालवून बसलो.

सान राफाएलच्या त्या दुकानात मालक आणि कारागीर यांच्यात पैशाचा करार काय आहे, त्यात आम्ही शिरत नाही. पण माणूस वीस वर्षे एकाच तव्यापाशी टिकतो, आणि तारा येतो तेव्हा मालक बाजूला राहून कारागिराला पुढे उभे राहू देतो, एवढे तर जगाने पाहिले. आपल्याकडे बक्षीस मिळाले असते तर सेठजी हार घालून बसले असते आणि कारागिराला सांगितले असते, "जरा चहा सांगून ये." हे आम्ही दुसऱ्याला म्हणत नाही.

एका बाबतीत मात्र हे दुकान चुकले, आणि ते व्यापाऱ्यांनी नीट वाचावे. मालकांनी स्वतःच सांगितले आहे की त्यांच्या घराण्याने 'कालिफा' हे नाव कधी कायद्याने नोंदवले नाही. परिणाम असा झाला की भांडवलवाल्या दुसऱ्या मंडळींनी त्याच्याशी मिळतेजुळते नाव घेऊन शहराच्या श्रीमंत भागांत टाकोच्या चकचकीत दुकानांची साखळी उभी केली. नाव कमावले एकाने, पाट्या लागल्या दुसऱ्याच्या. आपल्याकडे १९९९ चा ट्रेड मार्क कायदा आहे. कापडासाठी चोविसावा वर्ग, तयार कपड्यांसाठी पंचविसावा, खाण्याच्या धंद्यासाठी त्रेचाळिसावा. एकट्या मालकाला वा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्ज करायचा तर एका वर्गासाठी सरकारी शुल्क ४,५०० रुपये आहे. नोंदणी दहा वर्षे टिकते, पुढे नूतनीकरण करता येते. ईदला दुकानावर माळा सोडायला यापेक्षा जास्त खर्च होतो. हा परिच्छेद लिहिण्याआधी आम्ही आमचेच कपाट उघडून पाहिले. वडिलांच्या हातची १९७१ ची पहिली खातेवही सापडली, भाडेपावत्या सापडल्या, विक्रीकराचे जुने कागद सापडले. नावाच्या नोंदणीचा कागद नव्हता. कधी केलीच नव्हती. आता वकिलांना भेटून आलो आहोत.

तारा आल्यावर काय झाले? अर्थातच रांग लागली. परदेशी पाहुणे, कॅमेरेवाले, आणि त्यांच्यात दबून गेलेले रोजचे गिऱ्हाईक. अशा वेळी व्यापाऱ्याच्या कानात सगळेच फुंकतात: शाखा काढा, मोठी जागा घ्या, नाव भाड्याने द्या. सिंगापूरचा एक दाखला आहे. तिथल्या खाऊगल्लीत चान हॉन मेंग नावाचे गृहस्थ सोया रसातली कोंबडी आणि भात विकत. २०१६ साली त्यांना मिशेलिनचा तारा मिळाला. पुढे त्यांच्या नावाने देशात आणि परदेशात शाखा निघाल्या. २०२१ च्या यादीत तो तारा नव्हता. शाखांमुळे गेला असे आम्ही म्हणत नाही, आणि शाखा काढणे हा काही गुन्हाही नव्हे. त्यातून कित्येकांना रोजी मिळते. पण चान एकाच वेळी दोन तव्यांपाशी उभे राहू शकत नाहीत, हे कोणत्याही खलिफाला न सांगता समजेल.

एर्नांदेस अलोन्सो यांना विचारले गेले की, महामारीनंतर शहरात खाणावळींना रस्त्याच्या कडेला टेबले मांडायची परवानगी मिळते, मग समोरचे फेरीवाले हटवून तुम्ही का मांडत नाही? त्यांचे उत्तर असे होते की जे चांगले चालले आहे त्याला हात का लावावा. फेरीवाल्यांकडे बोट दाखवून ते म्हणाले की हे असे देवानेच मांडून ठेवले आहे, त्याच्याशी जमवून घ्यायचे. हातात इतकी मोठी सनद असताना पालिकेत जाऊन फुटपाथ मोकळा करून घेणे त्यांना कठीण नव्हते. आपल्या बाजारात पक्क्या गाळ्यांचे आणि हातगाड्यांचे जे भांडण रोज सकाळी शटर उघडताना सुरू होते ते आठवले, आणि आम्ही तो मजकूर भाच्याकडून दोनदा वाचून घेतला.

तेव्हा अजूनही लोक तिथे टाको हातात धरून, कपड्यांच्या मांडण्या आणि प्लास्टिकच्या पुतळ्यांना खेटून उभ्याने खातात. कापडवाल्याची नजर, काय करणार, आम्हाला त्या चित्रफितीत टाकोपेक्षा पुतळेच जास्त दिसले. रांगेत तासभर उभा असलेला माणूस म्हणजे जागेवर बांधलेले गिऱ्हाईक. त्यातून टाकोचा रस हमखास मनगटावर ओघळतो. आम्ही त्या फुटपाथवर असतो तर मोज्यांच्या शेजारी, अगदी पुढे, हातरुमाल मांडले असते. सुती, मोठ्या पन्न्याचे, गडद रंगाचे.